चार कोऱ्या कागदांवरच्या सह्या

सुलेखा दाभाडे फुलंब्रीहून रोज चिकलठाण्याला आमच्या कारखान्यात येते. बारा वर्षं एकाच प्रेसवर पत्रा कापते. नवा कायदा आला, तक्रार समितीत बाई कामगार पाहिजे, म्हणून साहेबांनी फलकावर हिचं नाव लावलं. आम्ही बायांनी पेढे वाटले. वाटलं, आता आपलं कुणीतरी आत बसलं.

बसलं कसलं! बैठक दर तीन महिन्यांनी, तीही कारखाना सुटल्यावर, आणि हिची फुलंब्रीची गाडी त्याच वेळेला. साहेब गोड बोलले, "ताई, वर्षभराच्या चारही सह्या आत्ताच करून टाका, गाडी नको चुकायला." हिनं चार कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि वर आभारही मानले!

मार्चमध्ये मुक्ताबाईचं बोट प्रेसमध्ये गेलं. मशीनची हात वाचवणारी जाळी महिनाभर काढून ठेवलेली होती. तक्रारीचा अर्ज सुलेखानंच लिहून दिला आणि बैठकीच्या बोलावण्याची वाट बघत राहिली. बोलावणं आलंच नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत मुक्ताबाई एक कागद घेऊन आली. तिला वाचता येत नाही.

"सुलेखा, काय लिव्हलंय गं?"

सुलेखानं वाचलं. समितीनं चौकशी केली, जाळी जागेवर होती, चूक कामगाराची.

"लई खोटं! कुणाची सही हाय खाली?"

सुलेखानं सहीवर अंगठा दाबून धरला होता. मुक्ताबाई चांगल्या हातानं कागद ओढत होती, आणि हिला अंगठा उचलता येईना.