सोनीबाईच्या आवाजाची रोजची कॉपी

राजपालभाऊ आडेंना तो आकडा मीच दाखवला. ही माझी चूक मी आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून कोणी मला ऐकवायला नको.

कामरगावला बसस्टँडमागं माझा कॉम्प्युटर क्लास आहे. माझं तोंड फटकळ आहे हेही गावाला ठाऊक आहे. राजपालभाऊ तांड्यावर राहतात आणि लग्नांची शूटिंग करतात. माणूस भारी जपणारा. लेन्सचं झाकण हरवू नये म्हणून ते दोरीनं गळ्यात अडकवून फिरतात, आणि वरातीतली पोरं त्यावरून त्यांची टिंगल करतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

त्यांची आई सोनीबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तांड्यावरचा सगळा ढावलो येणारी ती शेवटची बाई. बंजाऱ्यांत पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते, तोच ढावलो. म्हाताऱ्या बाया तो पोरींना लग्नाआधी शिकवतात. जायच्या आधी अकरा संध्याकाळी सोनीबाई कॅमेऱ्यासमोर बसली आणि नातीसाठी, निकितासाठी, सगळा ढावलो गायली. तिसऱ्या संध्याकाळी बापाच्या गळ्यात पडायचं गाणं होतं. त्यात ती मधेच थांबते, कॅमेऱ्याकडं बघते आणि मशीन चालू आहे का, असं लेकाला विचारते. मागून राजपालभाऊंचा आवाज येतो, "चालू हाय, याडी." याडी म्हणजे आई. मग ती पुढची ओळ घेते. एवढं मी स्वतः ऐकलं आहे.

पण सोनीबाईनं एक वचन घेतलं होतं. रडण्याची गाणी ती, लग्नावाचून वाजायला नकोत, आणि घराबाहेर तर जायलाच नकोत. त्यामुळं ते रेकॉर्डिंग फक्त राजपालभाऊंच्या घरच्या कॉम्प्युटरवर होतं. मी म्हटलं, पेनड्राईव्हवर तरी घ्या. तर म्हणाले, "पेनड्राईव्ह घरात टिकते काय मॅडम? आज माया खिशात, उद्या कोनाच्या डीजेवर. मायी माय डीजेवर वाजली तं मी तोंड कोनाले दाखवू?"

दिवाळीनंतर त्यांचं मशीन अडकायला लागलं म्हणून मी तांड्यावर गेले. आत स्वस्तातली एसएसडी डिस्क होती. मी डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि एकतीस टक्के दिसले.

"एकतीस म्हंजे काय?" राजपालभाऊंनी विचारलं.

"म्हणजे आयुष्य एवढंच उरलं. ह्या डिस्कवर लिहून लिहून ती झिजते. वाचल्यानं काही होत नाही, पण लिहिणं जपून करायचं."

त्यांचा चेहरा उतरला. मला दया आली, पण माझी दयासुद्धा मास्तरकीच्या अंगानंच जाते. मी तिथंच बसून हायबरनेशन बंद केलं, ब्राउझरची साठवण कमी केली, शूटिंगचं एडिटिंग माझ्या क्लासमधल्या एका मशीनवर हलवलं. फालतू लिहिणं सगळं बंद, असं म्हणून मी चहा प्यायले आणि मोठ्या ऐटीत घरी आले.

आकडा थांबला नाही. दर पाच दिवसांनी एक टक्का. राजपालभाऊ क्लासच्या दारात येऊन नुसता आकडा सांगायचे आणि निघून जायचे. सव्वीस. एकोणीस. पोरांना एक्सेल शिकवता शिकवता मी उरलेले दिवस मोजायची. एडिटिंग नाही, इंटरनेट नाही, मशीन दिवसभर बंद, मग लिहितंय कोण? तांड्यावरची रूपलाकाकी म्हणाली की सोनीबाईच आपला आवाज परत घेऊन राह्यली. मी तिच्यावर चिडले, पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

निकिताचं लग्न वैशाखात ठरलं. होळी होईपर्यंत ढावलो तोंडात घ्यायचा नाही, असं त्यांच्या घरात होतं. होळी झाली आणि ती रोज एक संध्याकाळ ऐकून पाठ करू लागली. तिचा तिसरा दिवस होता तेव्हा मी गेले, आणि बापाचं ते गाणं तिच्याबरोबर मीही ऐकलं. आकडा होता सहा.

दिवेलागण झाली. राजपालभाऊंनी आईच्या फोटोपुढं दिवा लावला, हात जोडले, मशीन सुरू केलं. मग अकराच्या अकरा व्हिडिओंची कॉपी केली, नव्या फोल्डरला आजची तारीख दिली आणि कालचं फोल्डर पुसलं. त्याच डिस्कवर. ऐंशी जीबी. मी हातातला कप खाली ठेवला.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"रोजचंच हाय. दिव्यासंगं. याडी गेली तवापासून. जुनं रेकॉर्डिंग शिळं होते ना मॅडम, म्हनून ताजं करून ठेवतो. तुमी आकडा दाखवला तवापासून सकाळीबी करतो."

मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ज्याला आपण जपणं म्हणतो तेच ह्या डिस्कला खात होतं, दोन वर्षं, आणि मी पाहिल्यावर दुप्पट वेगानं. मी त्यांना फालतू लिहिणं कोणतं ते शिकवलं, पण तुम्ही रोज काय करता, हे एकदाही विचारलं नव्हतं. निकिता चुलीपाशी उभी होती, तिनं फक्त एवढंच विचारलं, "मंग आजीचं आता काय होईन?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी मी कारंज्याहून नवी डिस्क आणते. तुमच्या घरातच राहील, कपाटात, कुलपात. तोवर ह्या मशीनला हात लावायचा नाही. शपथ घ्या."

त्यांनी शपथ घेतली.

सकाळी मी डिस्क घेऊन पोचले तर ते ओट्यावर बसलेले. आत स्क्रीनवर डिस्क सापडत नाही, अशी एक ओळ.

"उठल्यावर दिवा लावला," ते म्हणाले. "दिवा लावून तिले तसंच ठेवनं बरं नाही वाटलं. म्हटलं, आता नवी येऊनच राह्यली, शेवटची एक करतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या बाजूला ओट्यावर बसले आणि रडले. नंतर ती डिस्क अकोल्याला दाखवून आणली. तिथल्या माणसानं सांगितलं की स्वस्तातली डिस्क आकडा शून्य व्हायची वाट बघत नाही, आतली चिप गेली, आता काही निघणार नाही, आणि डिस्क कागदात गुंडाळून परत दिली. राजपालभाऊंनी ती आईच्या फोटोमागं ठेवली.

वैशाखात लग्न झालं. निघायच्या वेळी निकिता आधी आईच्या गळ्यात पडली, मग बादलच्या, म्हणजे भावाच्या. बाया पुढं सरकल्या होत्या, कारण आवाज हुबेहूब सोनीबाईचा होता. मग ती बापाच्या गळ्यात पडली. गाता गाता मधेच थांबली. मला वाटलं विसरली. पण पोरीनं ते गाणं जसं ऐकलं होतं तसंच पाठ केलं होतं, आजीच्या थांबण्यासकट.

राजपालभाऊंचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "चालू हाय, याडी."

निकितानं पुढची ओळ घेतली, गाणं पुरं केलं. त्याच्यापुढं तिला येत नव्हतं.