बाल्कनीत थांबलेले गृहस्थ

नमस्कार. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचतोय. रागावू नका. आमच्या अब्बांचं शनिवार पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान होतं. घरात अब्बांची बहीण, आमची फुप्पी, जिन्न-भुतांच्या गोष्टी सांगायला बसली की अब्बा म्हणायचे, "बांधणी उसवली तर समजावं, खळ पातळ झाली होती. जिन्नाला दुसरी कामं असतात." मीही त्याच शाळेतला. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला वेड्यात काढलं तर माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. जागा कर्वेनगर, नव्या बिल्डिंगमधला तिसरा मजला. वेळ सकाळची, बाहेर लख्ख ऊन. म्हणजे भुताखेतांना लागतं तसलं काहीही नव्हतं.

मी आयटीत आहे. आमचं जुनं प्रोजेक्ट बंद होणार होतं आणि नवीन काम जीपीयूवरचं होतं — मूळ गेमसाठी बनलेली चिप, जिच्यावर आता सगळं एआय चालतं. मॅनेजरने अगदी गोड आवाजात सांगितलं, की जीपीयू प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेशन असेल त्याला नव्या टीममध्ये घेऊ, बाकीच्यांनी 'इतर संधींचा विचार करावा'. आमच्याकडे नारळसुद्धा सभ्यपणे देतात. मी चाळिशीला टेकलेलो, मुलगी दहावीत जाणारी. इतर संधी मला कोण देणार होतं? हिवाळाभर ऑफिसनंतर बसून अभ्यास केला.

ही परीक्षा घरूनच देतात. खोलीत आपण एकटेच, टेबल रिकामं, लॅपटॉपचा कॅमेरा चालू, आणि दूर कुठेतरी बसलेला एक पर्यवेक्षक आपल्यावर नजर ठेवून. खोलीत दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द, आणि वर्षभर परत बसता येत नाही. वर्षभराने माझी नोकरी कुठे असणार होती हे सांगायला नको.

धायरीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याच आठवड्यात फरशी फोडायचं काम निघालं. ऑफिसातला वानखेडे, मूळचा यवतमाळचा, कर्वेनगरला एकटा राहतो. तो म्हणाला, "अबे, माह्या रूमवर बस नं. मी गावाले चाललो. तिथं कोनी येत नाई, कोनी जात नाई." मी चावी घेतली.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक गादी. माझ्या पाठीमागे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. बाल्कनी पूर्वेची, त्यामुळे सकाळभर तिथे ऊन. आत-बाहेर एक कुंडीसुद्धा नाही. नियमाप्रमाणे मी लॅपटॉप उचलून सगळी खोली, बाथरूम, बाल्कनी कॅमेऱ्यातून फिरवून दाखवली. हवा यावी म्हणून बाल्कनीचं दार उघडं ठेवू का विचारलं. पर्यवेक्षक 'हो' म्हणाला. इंग्रजीत बोलत होता, उच्चारांवरून आपल्याकडचा नव्हता.

पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा होता. जीपीयूवर एकच काम हजारो तुकड्यांत एका वेळी चालतं, आणि मधे एका ठिकाणी सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं असतं. मी ती 'थांबा' सांगणारी ओळ चुकून अशा अटीच्या आत टाकली, की काही तुकडे तिथे पोचतच नव्हते. उरलेले बसले त्यांची वाट बघत. प्रोग्रॅम ठप्प. ही चूक नवशिके करतात, मी स्वतः दोन ज्युनियरना यावरून झापलंय. चूक कुठे आहे हे शोधत मी घामाघूम होतो, तेवढ्यात हेडफोनमधून पर्यवेक्षकाचा आवाज आला.

"सर, तुमच्या मागे जे गृहस्थ उभे आहेत, त्यांना कृपया बाहेर जायला सांगा."

मी वळलो. भिंत, उघडं दार, ऊन. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझं स्वतःचं छोटं चित्र दिसत होतं, त्यातही मी एकटाच. मी म्हटलं, कोणी नाही. त्याने पुन्हा खोली दाखवायला लावली. दाखवली. "ठीक आहे, चालू ठेवा."

थोड्या वेळाने परत तेच. आता मी चिडलो. विचारलं, कोण दिसतंय तुम्हाला, सांगा तरी! तो शांतपणे म्हणाला, "वयस्कर आहेत. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. काही करत नाहीत, नुसते उभे आहेत. पण सर, नियम आहे. आता मला परीक्षा बंद करावी लागेल."

आवाजात दमदाटी नव्हती, हेच वाईट होतं. त्याला खरंच कोणीतरी दिसत होतं आणि माझ्यासाठी वाईट वाटत होतं. सबंध हिवाळा, मुलीची दहावी, मॅनेजरचा तो गोड आवाज... सगळं डोळ्यांसमोर आलं. वाद घालून उपयोग नव्हता. मग मी जे केलं ते का केलं, मला आजही नीट सांगता येणार नाही. मी खुर्चीतून वळलो आणि रिकाम्या खोलीला म्हणालो, "अहो काका, माझी परीक्षा चालू आहे. आपण जरा बाल्कनीत थांबता का? झालं की बोलावतो."

मग कानात आवाज.

"थँक यू सर. ते बाहेर गेले. आता दार तेवढं लावून घ्या."

मी उठलो, दार सरकवलं, खिटी लावली. काचेपलीकडे रिकामी बाल्कनी आणि समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी. परत येऊन बसलो. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, बसल्याबसल्या चूक दिसली. ती ओळ अटीच्या बाहेर काढली, प्रोग्रॅम सुरळीत चालला. पुढचा सगळा वेळ पर्यवेक्षक एक शब्द बोलला नाही, आणि मी एकदाही मागे पाहिलं नाही.

वेळ संपली. मी हेडफोन काढणार, तर तो म्हणाला, "सर, परीक्षा पूर्ण झाली. आता त्या गृहस्थांना आत घ्या. बराच वेळ उन्हात उभे आहेत."

मी दार उघडलं. "या काका," म्हटलं. गरम वाऱ्याचा झोत अंगावर आला. ते आत आले का, हे विचारायला स्क्रीनकडे वळलो, तर 'आपला दिवस चांगला जावो' असं लिहून सेशन बंद झालेलं. मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.

पास झालो. काठावर, पण झालो. नव्या टीममध्ये आहे.

आता खुलासा. एक पर्यवेक्षक एका वेळी बऱ्याच जणांवर लक्ष ठेवतो म्हणे. त्याने दुसऱ्या कोणाची खिडकी माझी समजून पाहिली असेल. मलाही हे पटलं असतं. पण मग दुसऱ्या कुठल्यातरी घरातला म्हातारा मी मराठीत विनंती केल्यावर निमूट तिथल्या बाल्कनीत गेला, असं मानावं लागतं. ते मानण्यापेक्षा भूत मानणं सोपं आहे. रेकॉर्डिंग मागितलं, तर गोपनीयतेचं कारण देऊन नकार आला. बिल्डिंग नवी, त्या खोलीत राहणारा वानखेडे पहिलाच. त्याआधी तिथे मोकळं मैदान होतं म्हणतात. अब्बा असते तर त्यांनी काहीतरी पातळ झालेलं शोधून काढलं असतं. मला सापडलेलं नाही.

भीती वाटली का? वाटली. पण आता ती गेली, आणि राहिलंय ते वेगळंच. एक म्हातारा माणूस, कोण का असेना, आपल्या एका शब्दावर बाहेर गेला. माझं पोट वाचावं म्हणून मेच्या उन्हात तिष्ठत राहिला, आणि मी त्याच्या तोंडावर खिटी लावून घेतली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वानखेडेला सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. आता त्याच सर्टिफिकेशनला तो बसतोय, त्याच खोलीत. परवा त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "भाऊ, हासू नको. बाल्कनीत ठेवाले एक खुर्ची आनली. ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं, "पण उन्हात नको ठेवूस."