सव्वीस अंशांचं कडं

काकांना वेळ विचारली की ते आधी उन्हात जायचे. "थांब, भाईर जाऊन येतो," म्हणत हात पुसायचे, शर्टाच्या आतून काळ्या दोऱ्यात ओवलेलं पितळी कडं काढायचे आणि कारखान्याच्या शेडच्या दारात ते लोंबतं धरून उभे राहायचे. परत येऊन सांगायचे, "धा वाजून ईस. धा मिनिटं हिकडंतिकडं." विचारणारा तोवर कधीच निघून गेलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, मनगटी घड्याळ वापरायला काय झालं होतं? अहो, ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वाशीजवळ पावणे गावातल्या आमच्या छोट्या कारखान्यात स्पीकरची चुंबकं बनायची. नवं घड्याळ मिरवत आलेला माणूस पंधरा दिवसांत हवालदिल व्हायचा, कारण घड्याळातही चुंबकत्व शिरायचं. माझं सासरहून आलेलं घड्याळ असं सुसाट सुटलं, की त्याच्या हिशेबानं मी रोज मध्यरात्री घरी पोचत होतो. सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती.

काका आमचे टर्नर, लेथवर धातू कातणारे, मूळचे कोल्हापूरकडचे. मी ड्रॉइंग काढणारा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. वाशीत रद्दीच्या दुकानात त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात असल्या कड्याचं चित्र होतं. पूर्वी युरोपात गडीमाणसं म्हणे हे खिशात टाकून शेतावर जायची. आपल्याकडेही प्रवासी काठीवर रेघा कोरून सावलीवरून वेळ बघत. काकांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण मापं वाचता यायची. आणि पितळेला चुंबक धरत नाही, हे कुणी सांगायला नको होतं.

कड्याची करामत साधी होती. लहान बाळाच्या वाळ्याएवढं, पण रुंद. त्याभोवती एक सरकती पट्टी, पट्टीला टाचणीएवढं भोक. भोक त्या त्या महिन्याच्या खुणेवर आणायचं आणि कडं सूर्याच्या रोखानं टांगायचं. भोकातून उन्हाचा ठिपका आतल्या अंगाला, कोरलेल्या तासांवर पडायचा. सूर्य जितका वर, तितका ठिपका खाली. तासांच्या रेघा गावाच्या अक्षांशावरून कोरायच्या; गाव बदललं की कडं चुकणार. मग वर चाळीस मिनिटं मिळवायची, कारण रेडिओची वेळ पार अलाहाबादेकडच्या सूर्याची आणि आपला सूर्य मागून येणारा.

"पण काका, सकाळी नऊ आणि दुपारी तीन, दोन्हीला ठिपका एकाच जागी. मग कळणार कसं?"

"डबा खाल्लास का न्हाई, त्ये बघ की!"

पावसाळ्यात आम्ही त्यांना फार छळायचो. आकाश भरून आलं की कुणीतरी मुद्दाम ओरडायचं, "काका, टाइम काय झाला?" काका मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "सूर्य रजेवर हाय. अर्ज मंजूर केलाय मी."

एका डिसेंबरात मी मोजपट्टी शोधायला त्यांचा ड्रॉवर उघडला. तेलकट कागदात दुसरं कडं, अगदी कोरं. गळ्यातल्यापेक्षा कितीतरी नाजूक काम. मी ते घेऊन अंगणात गेलो आणि हसतच आत आलो.

"काका, म्हातारे झालात! पावणेअकराला हे बारा वाजवतंय!"

काकांनी लेथ बंद केला. "ते हितलं न्हाई."

"मग कुठलं?"

"सव्वीस अंशांचं. आपण एकोणीसवर हाय." हातावरचा पितळेचा कीस झटकत म्हणाले, "कानपूरचं."

काकांच्या लेकीची गोष्ट सगळ्या शेडला ठाऊक होती. पलीकडच्या नावडे गावातल्या कारखान्यातल्या कानपूरच्या मुलाशी तिनं परस्पर लग्न केलं आणि त्याच्याबरोबर तिकडे गेली. तीन वर्षं काकांनी तिचं नाव काढलं नव्हतं. बायको आधीच वारलेली, दुसरं मूल नाही. लेकीची पत्रं यायची, ती न फोडता ठेवून द्यायचे. आणि हा माणूस लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक घेऊन तिच्या गावचा सूर्य काढत बसला होता! मला त्यांचा राग आला आणि कडकडून भेटावंसंही वाटलं.

"बरोबर झालंय का पण?"

"हितं कसं कळणार? त्ये तिथंच तपासाय लागतंय."

"मग जा की!"

"बघू," काका म्हणाले आणि लेथ सुरू केला.

पुढं दर महिन्याला मी विचारायचो आणि काका कारण काढायचे. जानेवारीत तिकडं धुकं असतं. मग कड्याची कड अजून घासायची राहिली होती. एकदा तर म्हणाले, "दार उघडलंच न्हाई तर?" ते मात्र कारण नव्हतं. मी म्हटलं, "काका, तीन वर्षं ती पत्रं टाकतेय. दार तुमचंच बंद आहे." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मार्चमध्ये काका निवृत्त झाले. "गावाकडं चाललो," असं सगळ्यांना सांगून, नारळ घेऊन गेले. ड्रॉवर रिकामा होता.

महिन्याभरानं माझ्या नावानं कारखान्यात पोस्टकार्ड आलं. वर शिक्का कानपूरचा.

'कडं बरोबर दाखवतं. इथं नऊ-दहा मिनिटं मिळवली की झालं. नात ते सारखी तोंडात घालते, म्हणून खुंटीला लावलं आहे. पण एका महिन्यावर भरवसा ठेवता येत नाही. सगळे महिने तपासले पाहिजेत. त्यामुळे वर्षभर राहावं लागेल. इलाज नाही.'

वर्ष कशाला लागतं? सहा महिने पुरतात. डिसेंबर ते जून सूर्य ज्या पायऱ्या चढतो, त्याच जून ते डिसेंबर उतरतो. खुणा त्याच, भोक फक्त उलट सरकवायचं. हे मला काकांनीच खडूनं जमिनीवर काढून समजावलं होतं.

मी उलट टपाली कळवलं, एका वर्षाचंही काही खरं नाही, दोन-तीन तरी तपासून घ्या.

काका परत आलेच नाहीत.