आत्याच्या हाताचं माप

देवाने जगातली निम्मी माणसं बोथट बनवली आणि उरलेल्यांना चुकीची धार लावली, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. मी त्यांच्या लेखी पहिल्या गटात मोडतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून धायरीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या कमानपाट्यांच्या सुऱ्या घडवतात. गिऱ्हाइकाने ओल्या मातीचा गोळा हातात दाबून माप दिल्याशिवाय सुरीची मूठ करत नाहीत. गिऱ्हाईक टिकवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. आयटीतल्या एका मुलाने जंगलात न्यायला सुरी मागितली. "कुठलं जंगल?" आतोबांनी विचारलं. "अजून ठरलं नाही." "मग ठरलं की या." माझी परीक्षा त्यांनी कांदा चिरायला लावून घेतली. "तू चिरत नाहीस, त्याचा छळ करतोस," म्हणाले, आणि आठ महिन्यांनी मला पावाला लोणी लावायची सुरी दिली. तिचं चामड्याचं म्यान मात्र असं शिवलं होतं, की ते कमरेला लावून मी लढाईवर निघालो असतो तरी शोभलं असतं.

या माणसाच्या स्वयंपाकघरात त्याची एकही सुरी नव्हती. आत्या जन्मभर विळीवर बसली. "खाली बसून चिरल्याशिवाय भाजीला चव येत नाही हो," म्हणायची. दर दिवाळीला आतोबा मातीचा गोळा पुढे करायचे आणि ती त्याची पणती करून दारात लावायची.

गेल्या वर्षी आत्या बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा तिने आपणहून हात पुढे केला. "अहो, घ्या आता माप."

इतकी वर्षं वाट पाहिलेलं ते काम आतोबांनी सहा महिने लांबवलं. कधी मुठीचं लाकूड ओलं, कधी चामडं कडक. "घरचं गिऱ्हाईकही पळवून लावताय," मी चिडवलं. ते कानस घासत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "सुरी हातात दिली, की ती आता खाली बसणार नाही हे मीच कबूल केलं असं होईल रे."

शेवटी दिली. आत्याने खुर्चीवर बसून दुधी चिरला. फोडी एकसारख्या पडल्या. "छान आहे हो. उगाच हट्ट केला मी."

आतोबांनी विळी पुसली, खिशातून तिच्या पात्याच्या मापाचं नवं, टिचबटणाचं म्यान काढलं आणि हलक्या हाताने चढवलं. आत्या बघत होती.

"टिचबटण नका लावू त्याला," ती म्हणाली.

आतोबांनी लावलं नाही.