ओटाच्या डब्यातल्या कण्या

आजकाल कुणी मला नाश्त्याला भरड धान्य किती चांगलं ते समजवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मला काय सांगता? मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हापासून जात्याचा वरचा दगड जरा उचलून जवारी किती जाड भरडायची ते मला ठाऊक आहे. ती पोटात किती सावकाश जिरते तेही ठाऊक आहे. आणि तिच्यापायी माझं काय गेलं, ते तर माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आज सांगून टाकते.

आमच्या घरात कण्या शिजत नसत. बाबा मूळचे साखरा गावचे. त्यांची आई दुसऱ्यांच्या खळ्यावर राबायची आणि खळं उठलं की मातीत सांडलेली जवारी झाडून आणायची. ती पाखडायची, भरडायची, आणि मीठपाण्यात शिजवायची. सकाळी त्याच कण्या, सांजच्याला त्याच. शाळेत बाकीची पोरं भाकर सोडून बसायची तेव्हा बाबा जर्मनच्या वाटीत थिजलेल्या कण्या घेऊन लांब बसायचे. बसायचे म्हणजे काय, त्यांना बसवलंच लांब जायचं. पुढं आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, बाबा शिकले, हिंगोलीला कचेरीत कारकून झाले. दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं त्या दिवशी त्यांनी मायला एकच अट घातली होती, की या चुलीवर कण्या चढायच्या नाहीत. मायनं ती इतकी पाळली की दुष्काळात रेशनला मिलो, ती अमेरिकेची लाल जवारी, आली तरी तिची भाकरच थापायची. भाकर तव्यावरच तुटायची, आम्ही तुकडे खायचो, पण कण्या नाही म्हणजे नाही.

मग बाबांना साखर निघाली. चप्पल चावून उजव्या अंगठ्याला जखम झाली आणि ती दोन महिने भरेचना. बाजारातल्या ज्या डॉक्टरांकडं आम्ही जायचो ते मुसलमान होते, त्यांच्या वडलांपासून दवाखाना तिथंच. मी बाबांच्या सोबत गेले होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की बाबूसाब, गहू-तांदूळ कमी करा, साखर-गूळ बंद, सकाळी जवारीच्या कण्या खात जा. बाबा खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, "कण्या सोडून काय ते सांगा."

डॉक्टर मोठे शहाणे, काहून म्हणून विचारलं नाही. म्हणाले, मग ओट नावाचं एक विलायती धान्य येतं, साहेबलोक सकाळी दुधात शिजवून खातात. ते चालंल का? बाबांचा चेहरा खुलला, खोटं कशाला बोलू. साहेबाचं खाणं म्हटल्यावर ते लगेच बराबर म्हणाले. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पोरी, साखर उतरली न्हाई तर हा अंगठा कापावा लागंल, ध्यान ठेव.

मी ध्यान ठेवलं. डॉक्टरांनीच मला लघवी तपासायला शिकवलं. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की संपलंच. दर रविवारी सकाळी ओसरीत हा कारभार चालायचा. शास्त्र विषय माझ्या आवडीचा, त्यामुळं मला तर चेवच यायचा. बाबा समोर पाटावर बसायचे आणि मी नळी उजेडाकडं धरून रंग सांगायचे, मग तारखेसकट वहीत लिहायचे. त्यांनी कधी उठून स्वतः पाहिलं नाही. शेजारच्यांना म्हणायचे, "माझी पोरगी सांगंल तो रंग."

नांदेडहून आणवलेले पहिले ओट चपटे केलेले होते, पातळ पोह्यांसारखे. दुधात टाकले की त्याची खळ व्हायची. बाबा म्हणायचे, हे खायला आहे की भिंतीवर कागद चिकटवायला? तरी साहेबाचं म्हणून गिळायचे. दोन तासांत पुन्हा भूक लागायची, आणि नळीतला रंग पिवळ्याच्या खाली उतरायला तयार नव्हता. डॉक्टर म्हणाले, हे वाफवून दाबून फार मऊ केलेलं असतं, लगेच जिरतं. नुसता दाणा तोडलेलं मिळतं का बघा.

बाबांचा एक दोस्त सिकंदराबादला रेल्वेत होता. साखऱ्याचाच, एकाच शाळेत सोबत लांब बसलेले ते दोघं. बाबांनी त्याला पत्र घातलं आणि त्यानं तसल्या तोडलेल्या ओटांचा एक डबा एका गार्डाच्या हाती पाठवला. मायनं झाकण उघडलं, चिमूटभर तळव्यावर घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. अगदी जवारीच्या कण्या. शिजायलाही तेवढाच वेळ, फुगायच्याही तशाच. बाबांनी मात्र पहिला घास घेतला आणि मान डोलावली. विलायती डब्यातून आलं होतं ना, मग त्यात त्यांना साखऱ्याचं काही दिसलंच नाही. महिन्याभरात रंग हिरव्यावर आला.

आणि डबा संपला. पुन्हा मागवायचा तर दोस्ताला सारखी तकलीफ देणं बाबांना पटेना, म्हणाले मी पुढच्या महिन्यात बघतो. चार दिवस पोळी खाल्ली, पाचव्या दिवशी रविवार होता, नळी पिवळी झाली. त्या दुपारी बाबा झोपले असताना मायनं मला शेजारच्या घरी जात्यावर नेलं. जवारी पदरात बांधून आणली होती. मी नको म्हणाले. खरंच म्हणाले, की माय, बाबाला कळलं तर ते आपल्याला माफ करणार न्हाईत. तिनं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "अंगठा पाह्यजे का तुला त्यांचा, का न्हाई? माझी शपथ हाय. बोलू नको कुठं."

झालं. मी दळायला बसले. कोंड्यासकट जाड भरडायची, चाळून पीठ काढून घ्यायचं, राहिलेल्या कण्या ओटाच्या रिकाम्या डब्यात. जवारीचा वास लपावा म्हणून माय दुधात एक वेलदोडा ठेचून टाकायची. बाबांना सांगितलं, की दोस्तानं आपणहून गार्डाच्या हाती दुसरा डबा धाडला, पैसे-पत्र काही नको म्हणाला. मग तिसरा, मग चौथा. दरवेळी माय सांगायची आणि मी मान खाली घालून ताट पुसायचे. पण एक सांगते, नळीचा रंग मी कधी खोटा सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. हिरवा, फिका हिरवा, आणि एका रविवारी तर निळाच्या निळा. मी नाचलेच. जखम भरत आली. बाबांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, की विलायती धान्याची करामत बघा आणि माझ्या पोरगीची बघा.

चार महिने असे गेले. मग तो सिकंदराबादचा दोस्त कुठल्याशा लग्नाला आला आणि सकाळी आमच्या दारात हजर. बाबांना काय करू अन् काय नको असं झालं. त्यांनी मायला फर्मावलं, की दोन ताटल्या वाढ, त्यांनी पाठवलेलंच त्यांना खाऊ घाल. मायनं वाढल्या. काकांनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि खदखदा हसले. इतकं मोकळं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. म्हणाले, अरे गड्या, ह्या तर साखऱ्याच्या कण्या, वेलदोडा टाकला म्हणून काय मी ओळखणार न्हाई? किती वर्षं झाली रे खाऊन. बाबा म्हणाले, कण्या कशाच्या, तू पाठवलेल्या चार डब्यांतलेच ओट हायेत. काका म्हणाले, "चार? मी तर एकच डबा पाठवला होता."

बिचाऱ्याच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. तो आपला चवीनं खात होता. बाबा उठले, आत आले, फळीवरचा डबा काढला, मूठभर कण्या तोंडात टाकल्या आणि दाढेखाली रगडल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू? राग नव्हता तो. लांब बसवलेल्या पोराचा चेहरा होता. त्यांनी हळूच विचारलं, "कुणी केलं हे?"

मी मायकडं पाहिलं. मला वाटलं, ती बोलेल. अंगठ्याचं सांगेल, डॉक्टरांचं सांगेल, शपथेचं सांगेल. माय म्हणाली, "पोरगीच म्हणाली. डब्यात भर म्हणाली, बाबाला काय कळतंय."

आईगं. हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतलेली शपथ माझ्या जिभेवर बसली होती, तिनं सोडवल्याशिवाय मी बोलणार कशी? आणि तिनं सोडवायच्या ऐवजी मलाच पुढं केलं होतं. बाबा माझ्याजवळ आले. म्हणाले, "मग ते रंग बी खोटेच सांगत होतीस का?"

न्हाई बाबा, एवढंच मी म्हणाले. त्यांनी ऐकलं का नाही कुणास ठाऊक. परीक्षानळ्यांचं लाकडी घर उचलून त्यांनी वरच्या फळीवर, माझा हात पुरणार नाही असं ठेवून दिलं. दोस्तासमोर आवाज चढवला नाही, त्याला स्टेशनपर्यंत सोडायलाही गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचं घरी खाणं सोडलं. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात पुरीभाजी आणि गोड चहा, मग कचेरी. माय दारात उभी राहून डोळ्याला पदर लावायची आणि मला तिची दया येण्याऐवजी चीड यायची. रोज वाटायचं, आज तरी ही सांगंल. एकदा मी तिच्या पाया पडले, की सांग ना गं, निदान रंग खरे होते एवढं सांग, म्हणजे ते पुन्हा तपासू देतील. ती म्हणाली, राग उतरू दे, मग सांगते. राग उतरायच्या आत अंगठा काळा पडला.

नांदेडला दवाखान्यात नेलं आणि अंगठा काढला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, की आधी घरी तपासत होता का, साखर किती असायची? मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. वही माझ्या पिशवीत होती, सगळे रविवार लिहिलेले. काढणारच होते. बाबा म्हणाले, "पोरगी तपासायची. पण तिचं काही खरं न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडं गेले. वही पिशवीतच राहिली. माय खिडकीपाशी डबा धुत होती, धुऊन झाला तरी धुतच होती. त्याच संध्याकाळी बाबा तिला म्हणाले, आता कशाची लाज धरायची, घरी गेल्यावर कण्याच कर. म्हणजे कण्यांना माफी मिळाली.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला आम्ही दोघी हिंगोलीला निघालो. वारंगा फाट्याला गाडी चहाला थांबली. बाकी सगळे उतरले, आम्ही दोघीच बसून होतो. मी विचारलं, "माय, काहून केलंस असं?"

तिनं लगेच उत्तर दिलं, कधीचं तयार ठेवल्यासारखं. "तू आज ना उद्या लोकाच्या घरी जाणार, बाई. त्यांचा माझ्यावरला भरोसा उठला असता तर मला कुठं जायाला जागा होती?"

मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. तिचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आज कळतं, आणि कळूनही माफ करवत नाही.

बाबा घरी आले. डॉक्टरांनी तपासणी चालू ठेवायला सांगितली होती, म्हणून वरच्या फळीवरच्या नळ्या खाली आल्या. रविवारी सकाळी बाबा स्वतः ओसरीत दिवा पेटवून बसले. थेंब त्यांनीच मोजले, उकळलंही त्यांनीच. पण साखरेनं एव्हाना नजर अधू केली होती. नळी उजेडाकडं धरून ते डोळे बारीक करत राहिले, जवळ नेली, लांब नेली. मी दारातच उभी होते, चार पावलांवर. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि आत हाक मारली. माय हात पुसत आली.

"बघ गं, कोणता रंग हाय?"

माय म्हणाली, "हिरवा."

बाबांनी मान डोलावली आणि वहीत लिहून ठेवलं. रंग हिरवाच होता, मला दारातून दिसत होता.