खिशाखालचं निळं कापड

मैत्रिणींनो, सध्या मी कापडाचे तुकडे जोडून गोधडीवर बाबांचा पितळी तांब्या शिवतेय. तांब्या जमला, पण काळ्या कापडाची त्याची सावली आज नुसती भोकासारखी दिसत होती.

आई म्हणाली, "सावलीला काळं काहून लावून राहिली?" आणि बाबांचा निळा शर्ट घेऊन आली. बाबा गेल्यापासून तिने तो कुणाला दिला नव्हता.

बाबा रोज सायकलने रिछाईच्या कारखान्यात जायचे, त्यामुळे शर्ट उन्हाने पार विटलेला. खिसा उसवला, तर खालचं कापड अजून गडद निळं. विटकं उजेडाला लावलं, गडद सावलीला. तांब्या एकदाचा जमिनीवर टेकला.

उसवलेला खिसा आईने नाकाशी धरला. "साबणाचाच वास येऊन राहिला. मी धुतला काहून?"

तुमच्याकडे आहे का असं काही, अजून न धुतलेलं?