सईच्या फळीवरचा पहिला गोल

यंदा आमच्या मुलींच्या फुटबॉल संघावर एकही गोल झाला नव्हता. कोल्हापुरात एवढी भक्कम बचावफळी पूर्वी झाली का, यावर चहाच्या गाड्यावर रोज वाद व्हायचा. त्या फळीत माझी मुलगी सई खेळते. ती मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली होती.

काल गोल झाला. चेंडू तिच्याच पायाला लागून जाळ्यात गेला. गोलकीपर धावत आली, तिनं सईच्या पाठीवर हात ठेवला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

माझ्या शेजारी बसलेले अण्णा जुने खेळाडू. ते म्हणाले, "गोल अडवणाऱ्या फळ्या लय बघितल्या. गोल खाल्ल्यावर एकमेकींना जपणारी आज बघितली."

सामना बरोबरीत सुटला. सगळ्यात भक्कम फळी कोणती ते लोक ठरवोत. सई घामाघूम, हसत आली आणि म्हणाली, "बाबा, झाला एकदाचा गोल."